पान एकशे बारावरचा माणूस

तक्रार नोंदवायला माणसं माझ्याकडे रोज येतात. आळेफाट्याला एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, आधारचा पत्ता, जातीचा दाखला, काय म्हणाल ते. पण झालेला सत्कार परत घ्या, अशी तक्रार घेऊन आलेला माणूस मी सतरा वर्षांत एकच पाहिला. बहिरूमामा.

बहिरू लोहकरे, मूळचे तळेघरच्या वरच्या अंगाचे. भात आणि नाचणी एवढंच पिकायचं, एसटी आली तर आली. एक्याऐंशी साली ते डिंभ्यापर्यंत चालत उतरले आणि तिथून मिळेल त्या गाडीनं फाट्याला आले. वीस वर्षांचे होते. हायवेच्या पेट्रोल पंपावर त्यांना काम मिळालं, ते चाळीस वर्षं टिकलं. मी शाळेत जायची तेव्हापासून त्यांना खाकी शर्टात बघत आले.

ते लागले तेव्हा आमच्या पंपाची कंपनी जेमतेम पाच वर्षांची होती. म्हणजे पंप जुनाच, पण आधी तो परदेशी कंपनीचा होता. सरकारनं ती कंपनी ताब्यात घेतली आणि तिचं नाव लोकभारती पेट्रोलियम झालं. पाटीवर नवा रंग मारला होता, पण उन्हाळ्यात त्याचे पोपडे निघायचे आणि खालून जुनी इंग्रजी अक्षरं दिसायची. म्हातारी माणसं त्याला पुढं कितीतरी वर्षं 'साहेबाचा पंप'च म्हणायची. मामांना याचा राग यायचा. "सायबाचा कशाचा? आता आपला हाय, देशाचा," असं ते गिऱ्हाइकाला सुनवायचे. हातानं दांडा हलवून पेट्रोल काढायचं मशीन, मग विजेचं, मग आकडे पळणारं, मग मोबाइलवर पैसे. कंपनीचं सगळं आयुष्य त्यांच्या डोळ्यांसमोर गेलं. एकवीस साली गुडघे गेले म्हणून त्यांनी काम सोडलं आणि फाट्यालाच मुलीकडे, मोहिनीकडे राहू लागले.

यंदा लोकभारतीला पन्नास वर्षं झाली. कंपनीनं आपला इतिहास छापला. चांगलं जाडजूड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक. पहिल्या प्रकरणात सरकारनं घेतलेला ताबा, मग रिफायनऱ्या, मग युद्धाच्या काळात सैन्याला पुरवलेलं तेल, मग गावोगावचे पंप. त्यात पान एकशे बारावर आमच्या पंपाचा एक काळापांढरा फोटो. जळून कोळसा झालेली जीप, आणि तिच्या शेजारी एक काटकुळा तरुण. खाली लिहिलं होतं : 'सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात, टँकर खाली होत असताना पेटलेली जीप स्वतः पंपाबाहेर नेऊन गाव वाचवणारे लोकभारतीचे वीर, बहिरू लोहकरे.'

पुस्तक घेऊन कंपनीचे अधिकारी पुण्याहून आले. पंपावर मांडव पडला. शाल, श्रीफळ, काचेचं स्मृतिचिन्ह. पंपाचे आताचे मालक बाळासाहेब यांनी मामांचा फोटो असलेला बारा फुटी फ्लेक्स लावला. मीही गेले होते. मामा माइकपुढे उभे राहिले, दोनदा घसा खाकरला आणि म्हणाले, "ह्ये मी केलं न्हाई." लोक हसले, टाळ्या वाजल्या. सूत्रसंचालक माइक ओढून घेत म्हणाला, "पाहा मंडळी, खरा वीर असाच बोलतो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करतेय तर मामा पायरीवर बसलेले. हातात ते पुस्तक, पिशवीत स्मृतिचिन्ह.

"ताई, कंपनीला कळवायचंय. ती जीप गोरखनं काढली. गोरख पडवळ, म्हाळुंग्याचा, माझ्यासंगं पंपावर व्हता. मी न्हाई."

मी कंपनीची वेबसाइट उघडली. तक्रारीचा प्रकार निवडायचा होता. भेसळ. कमी माप. उद्धट वागणूक. हवा भरून दिली नाही. स्वच्छतागृह अस्वच्छ. मी 'इतर' निवडलं. पंपाचा क्रमांक टाकला, तर पुढं बिलाचा क्रमांक मागितला. बिलाशिवाय पान पुढं जाईना. शेवटी मी बाहेर जाऊन माझ्या स्कूटीत पेट्रोल भरलं, बिल घेतलं आणि त्यावर तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी मेसेज आला : 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. कृपया आम्हाला तारे द्या.'

मामांना तारे म्हणजे काय ते समजावून सांगताना माझंच डोकं फिरलं.

मग फोन. हिंदीसाठी दोन दाबा, मराठीसाठी पाच दाबा. पाच दाबलं की हिंदीतच बाई बोलायची. तिनं मामांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, आपको पुरस्कार नहीं मिला?" मामा म्हणाले, "मिल्या ना! वोच तो लफडा हाय." तिकडून फोन ठेवला गेला. मग रजिस्टर पत्र. पोच आली, उत्तर नाही. महिन्यानं दुसरं पत्र. त्याचीही पोच आली. मामांनी दोन्ही पोचा प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या, जणू त्याच उत्तर होत्या.

"ताई, चाळीस वर्षं ह्यांचा शर्ट घातला मी," एक दिवस ते म्हणाले. "एक माणूस बोलायला मिळंना?"

मी म्हटलं, पुण्याला जाऊ. एका मंगळवारी दुकान बंद ठेवून सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. कंपनीच्या विभागीय ऑफिसात गेटवरच्या वहीत मामांनी 'कामाचे स्वरूप' या रकान्यात 'चूक' असं लिहिलं. दोन तास बसल्यावर इतिहासाच्या कामाचे साहेब भेटले. तरुण होते, वागायला चांगले होते, हेही सांगायला हवं. त्यांनी मामांना चहा दिला, वाकून नमस्कार केला. मामांनी सगळं सांगितलं. साहेबांनी पुस्तक उघडून फोटोवर बोट ठेवलं.

"काका, हा माणूस कोण?"

"मीच की."

"आणि ही जीप तीच?"

"व्हय."

"मग?"

"आवो, पण जीप काढली गोरखनं. फोटू काडला तवा त्यो दवाखान्यात व्हता. मी नुस्ता उभा व्हतो."

साहेब माझ्याकडे बघून हसले. "मॅडम, सत्कार झाला की मोठ्या माणसांचं असं होतं. संकोच वाटतो." मी म्हटलं, संकोच नाही, हे खरं बोलतायत. तेव्हा ते थोडे गंभीर झाले. दहा हजार प्रती छापून झाल्या होत्या, दिल्लीला गेल्या होत्या. तरी पुढच्या आवृत्तीत बघता येईल, पण काहीतरी पुरावा हवा. त्या वेळचा कागद, नाहीतर प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार, आणि त्यानं काय पाहिलं ते सविस्तर. "कोण कुठं उभं होतं, कोणी काय केलं, सगळं लिहून द्या," ते म्हणाले.

मामा पिशवी उचलून उठले. परतीच्या एसटीत मंचरपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, दमले असतील.

त्या आठवड्यात आणखी एक झालं. ऑफिसात कुणीतरी मोबाइलवर काढलेला मामांचा व्हिडिओ कंपनीच्या पानावर आला. 'मी काहीच केलं नाही, म्हणतात लोकभारतीचे विनम्र वीर.' साठ हजार लोकांनी तो बघितला. बाळासाहेबांनी पहिल्या फ्लेक्सशेजारी दुसरा लावला. मामा त्यांच्याकडे गेले तर बाळासाहेब म्हणाले, "बहिरू, गोरख जाऊन पंधरा वर्षं झाली. त्याला काय फरक पडतो? आपल्या पंपाला कंपनी वारसा पंप म्हणून पाटी देणार आहे. कशाला घोळ घालतोस?"

"फ्लेक्स तरी काडा."

"दिवाळीनंतर बघू."

मामांनी दुकानात येऊन मला हे सांगितलं आणि पुस्तक बाकावर आपटलं. मी म्हटलं, "मामा, चिडून काही होणार नाही. साहेबांनी मागितलंय ते देऊन टाकू. तुम्हीच साक्षीदार आहात. सांगा, मी टाइप करते. जीप पेटली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

मी मान वळवून पाहिलं. त्यांनी पुस्तक मांडीवर उलटं ठेवलं होतं आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"त्ये लिहावं लागंल का?"

"कोण कुठं होतं ते लिहायला सांगितलंय."

दुकानात पीकविम्याची दोन माणसं बसली होती. मामांनी त्यांच्याकडे बघितलं. मी त्यांना दुपारनंतर या म्हटलं. ती कुरकुरत गेली. मग मामा बोलले.

मे महिना होता, दुपारचं ऊन. टँकर येऊन उभा होता, त्याचा पाइप जमिनीखालच्या टाकीला लावला होता. टाकीला आणखी एक तोंड असतं, त्यातून पट्टी सोडून तेल किती भरलं ते बघायचं. ते झाकण मामांनी उघडलं होतं. पेट्रोलची वाफ वर येत होती, उन्हात ती थरथरताना दिसायची. गोरख वीसेक पावलांवर जीपमध्ये पेट्रोल भरत होता. अचानक जीपच्या बॉनेटखालून धूर आला आणि भडका उडाला. जीपवाला उडी टाकून पळाला. टँकरचा ड्रायव्हर पळाला.

"गोरख वराडला, 'बहिऱ्या, झाकण लाव! झाकण!' झाकण माझ्या पायाशी व्हतं, ताई. वाकायचं आन् लावायचं, येवढंच काम. मी पट्टी टाकली आन् पळालो. रस्त्यापल्याड उसात शिरलो. पार आतपर्यंत."

उसातून त्यांनी बघितलं. गोरख एकटा उरला होता. झाकण लागलं की नाही हे धुरात त्याला दिसत नव्हतं, आणि जीप तिथंच जळत राहिली तर खैर नव्हती. तो जीपमध्ये शिरला, हँडब्रेक सोडला. पंपापुढं रस्त्याकडे उतार होता. जीप घरंगळत निघाली. बॉनेटमधल्या ज्वाळा आत येत होत्या आणि गोरखनं स्टिअरिंग सोडलं नाही. रस्ता ओलांडून मोकळ्या रानात जीप गेल्यावर तो बाहेर पडला.

"मंग मी आलो. ऊस सोडून आलो. आन् पैलं काय केलं? झाकण लावलं. सगळं झाल्यावर. गोरखला लोकांनी बाजंवर घालून आणलं तवा मी टाकीपाशी, हात झाकणावर. त्याचे हात..." मामांनी आपले हात पुढं केले, मग मांडीखाली दडपले. "त्यानं बघितलं मला. म्हणला, 'बरं केलंस बहिऱ्या, झाकण लावलंस म्हणून सगळे वाचलो.' आन् मी व्हय म्हणलो."

मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

"नुस्तं व्हय. येवढाच शबुद. त्यो मागारी घ्यायला लई दिस मिळालं मला. चोवीस वर्षं जगला की त्यो. न्हाई घेतला."

गोरखच्या हातांची बोटं आखडली ती आखडलीच. नोझल धरता येईना, म्हणून तो म्हाळुंगे पडवळला घरी गेला. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. दर वर्षी कांदे निघाले की गोरखच्या घरून मामांकडे एक पिशवी यायची. झाकण लावणाऱ्या बहिरूला. मामांनी ते कांदे खाल्ले.

पत्र लिहायला संध्याकाळ झाली. मी एक-दोन ठिकाणी शब्द मऊ केले होते. 'घाबरून बाजूला झालो' असं. मामांनी वाचायला लावलं आणि म्हणाले, "बाजूला न्हाई. पळालो. पळालो लिवा." मी लिहिलं. त्यांनी सही केली, आणि हे पत्र जाण्याआधी म्हाळुंग्याला जायचं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटीवर आम्ही गेलो. गोरखची बायको, कुशाबाई, ओट्यावर लसूण सोलत बसली होती. पासष्टीची, ताठ बाई. मामांना बघून तिचा चेहरा उजळला.

"या बहिरूभावजी! टीव्हीत आलात म्हणं. मोबाइलात. पोरी सांगत व्हत्या."

मला वाटलं होतं, ती चिडलेली असेल. नवऱ्याचं काम दुसऱ्याच्या नावावर छापलं म्हणून. तसं काही नव्हतं. ती म्हणाली, "ह्यांचं नाव न्हाई आलं तर न्हाई आलं. तुमचं आलं, तुमी बी तितकंच केलं व्हतं. हे मरस्तवर म्हणायचे, जीप मी काढली, पण झाकण बहिरूनं लावलं."

मामा ओट्याच्या पायरीशीच थांबले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"वहिनी, झाकण मी न्हाई लावलं. मी पळालो व्हतो. गोरखभाऊ जीप घेऊन गेल्यावर आलो न् मंग लावलं. त्यांनी वरडून सांगितलं व्हतं, तरी पळालो."

कुशाबाईच्या हातातली पाकळी सोलायची राहिली. "म्हंजी?"

"मी झाकण लावलं असतं तर कदाचित गोरखभाऊला जीपमंदी बसाया लागलं नसतं."

तिनं पाकळी तशीच सुपात टाकली. मग सूप बाजूला सरकवून उभी राहिली.

"चोवीस वर्षं मी त्येंना भरवलं. हातानं घास घेता येत नव्हता. आन् जेवता जेवता तुमचं नाव काढायचे. 'बहिरूला कांदं धाडलं का?' मी धाडायची. निवडून निवडून धाडायची." तिचा आवाज चढला. "आता माज्याकडं कशाला आलात? त्येंना सांगायचं व्हतं. त्ये ह्या इथं बसलेले असायचे रोज. रस्ता म्हाईत व्हता ना तुमाला?"

"व्हय."

"मग?"

मामा एक पाऊल मागं सरले.

"जावा," ती म्हणाली. "जावा तुमी."

आम्ही निघालो. फाट्यावर उतरल्यावर मामा म्हणाले, "पत्र टाका ताई."

पत्र गेलं, सोबत ईमेलही केली. या खेपेला कंपनीनं लवकर हालचाल केली. आठ दिवसांत वेबसाइटवरच्या इतिहासात बदल झाला. मी आनंदानं मामांना बोलावून घेतलं आणि पान उघडलं. फोटो काढून टाकला होता. खाली नवी ओळ होती : 'सत्त्याऐंशी साली एका सतर्क कर्मचाऱ्याच्या तत्परतेमुळे मोठा अनर्थ टळला.'

एका कर्मचाऱ्याच्या. बहिरू नाही आणि गोरखही नाही.

मी त्या तरुण साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, दोन वेगवेगळी निवेदनं आहेत म्हटल्यावर आमच्या कायदा विभागानं सांगितलं, नावच नको. वाद मिटला ना?"

"वाद नव्हताच," मी ओरडले. "दोन निवेदनं कुठली? एकच माणूस सांगतोय, मी नाही, तो!"

"मृत व्यक्तीबाबत कुटुंबाचा अर्ज आला तर विचार करू." फोन बंद.

पंपावर फ्लेक्स मात्र तसेच होते. वेबसाइटवरून नाव काढणं कंपनीच्या हातात, फ्लेक्स बाळासाहेबांच्या. मामा भर दुपारी शिडी घेऊन गेले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढून त्यांनी दोन्ही फ्लेक्स कोयत्यानं कापून खाली पाडले. बाळासाहेब खालून शिव्या देत होते. मोहिनी रडत होती, "लोक काय म्हणतील अण्णा?" मामांनी उतरल्यावर तिला सगळं सांगितलं, तिथंच, पंपावर, हवा भरायला थांबलेल्या लोकांसमोर. आता फाट्यावर सगळ्यांना माहीत आहे. काहीजण त्यांच्याशी पूर्वीसारखे बोलतात. चहाच्या टपरीवरचे काही 'झाकण' म्हणून हाक मारतात. ते मान वर करत नाहीत, पण टपरीवर जायचं त्यांनी सोडलेलं नाही.

कुटुंबाच्या अर्जासाठी कुशाबाईकडे पुन्हा जायची माझी हिंमत नव्हती. मामांनी तर विषयच काढला नाही. ते रोज सकाळी येऊन बाकावर बसायचे, काही आलं का विचारायचे, नाही म्हटलं की जायचे. असे तीन आठवडे गेले.

मागच्या बुधवारी आठवडी बाजाराच्या गर्दीत कुशाबाई दुकानात आली. एकटीच, एसटीनं. मामा बाकाच्या एका टोकाला होते, ती दुसऱ्या टोकाला बसली. त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदराची गाठ सोडून तिनं एक कागद माझ्यासमोर ठेवला. दवाखान्यातून सोडल्याचा दाखला, सत्त्याऐंशी सालचा, घड्यांवर फाटलेला. 'दोन्ही हातांना व चेहऱ्यास भाजल्याच्या गंभीर जखमा. पेट्रोल पंपावर जळते वाहन हलवताना.' खाली नाव, गोरख पडवळ.

"मोहिनी सांगून गेली," ती मला म्हणाली. "कंपनीनं म्हणं नावच पुसलं. माज्या मालकाचं नाव पुसाया त्ये कोण?"

"तुमचा अर्ज लागेल, कुशाबाई. आणि साक्षीदाराची सही."

"साक्षीदार कोण?"

बाकावर हालचाल झाली. मामा उठून उभे राहिले होते, टोपी हातात.

कुशाबाईनं आता त्यांच्याकडे पाहिलं. "करू द्या सही," ती म्हणाली. "पर मी तुमच्याशी बोलणार न्हाई."

"नका बोलू, वहिनी."

मी अर्ज लिहिला. तिनं अंगठा दिला, त्याखाली मामांनी सही केली. दाखला स्कॅन केला आणि पाठवायला लागले, तर साइट बंद. 'सेवा तात्पुरती उपलब्ध नाही.' अर्ध्या तासानं तेच. तासाभरानं तेच. मी म्हटलं, तुम्ही जा, मी रात्री घरून पाठवते. दोघांपैकी कुणीच हललं नाही. कुशाबाई म्हणाली, माझ्यासमोर जाऊ दे.

पावणेतीनला साइट उघडली. मी बटण दाबलं, अर्जाचा क्रमांक आला. तो मी दोन चिठ्ठ्यांवर लिहिला आणि दोघांना एक-एक दिली.